आमच्या लेथची बॅकप्लेट

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही संस्थेच्या वाटचालीचा वृत्तांत लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तो वृत्तांत याच अंकात अधिक अधिकारी व्यक्तींनी दिलेला आहे. आम्ही येथे सहा इंच व्यासाच्या एका बिडाच्या तबकडीची हकीकत सांगणार आहोत. वसतिगृहाच्या मागील पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या जुन्या लेथवर ती आज बसलेली आहे. जे माजी विद्यार्थी दहा-पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेले, त्यांना ते यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलेच आठवत असेल.

ज्या पालकांनी लेथ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात स्थिर राहतो. लेथवर धातू फिरतो आणि पोलादी टूल स्थिर राहून त्याला आकार देते. धातू फिरविणाऱ्या आडव्या दांड्यास स्पिंडल म्हणतात. जुन्या यंत्रांत स्पिंडलच्या पुढील टोकावर, म्हणजे नोजवर, बाहेरून आटे पाडलेले असतात आणि काम पकडणारे साधन त्या आट्यांवर फिरवून बसवावयाचे असते. आमच्या लेथबरोबर असे एकच साधन आले होते, ते म्हणजे फेसप्लेट. तिच्या व दोन सेंटरांच्या आधारे लांब दांडा बाहेरून कातता येई. परंतु एखादा लहान बुश पकडून त्याला आतून भोक पाडणे, हे जे दुरुस्तीतील नित्याचे काम, ते करावयाचे तर तीन जबड्यांचा चक हवा.

चकही होता. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने वर्गणी काढून तो दिला होता. तेलकट कागदात गुंडाळलेला तो नवा कोरा चक कपाटात तीन वर्षे पडून होता. कारण चक थेट नोजवर बसत नाही. दोहोंच्या मध्ये बॅकप्लेट नावाची तबकडी लागते. तिच्या पाठीमागील जाड भागात नोजला जुळणारे आटे असतात आणि पुढील बाजूस चक बोल्टने आवळला जातो. आम्ही तीन शहरांतील दुकानांत चौकशी केली. सर्वत्र एकच उत्तर मिळाले : एवढ्या जुन्या आट्याची तयार बॅकप्लेट मिळणार नाही. अखेर व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रस्ताव आला, की लेथ भंगाराच्या भावाने विकावा आणि शेडची जागा संगणक कक्षास द्यावी. प्रस्ताव अविचारी नव्हता. निदेशकाचे पद रिक्त होते आणि वर्कशॉपचा कार्यभार केवळ सोय म्हणून आमच्याकडे, एका इतिहासाच्या शिक्षकाकडे आलेला होता. आम्ही दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्याच सुमारास नववीतील एका मुलीचे आजोबा आम्हांस भेटावयास आले. त्यांनी मुंबईतील एका कारखान्यात चौतीस वर्षे टर्नर म्हणून काम केलेले. सारी मुले त्यांना आबा म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. यंत्राच्या मदतीसाठी ते आले असावेत, असे आम्हांस वाटले होते. परंतु ते आले होते तक्रार घेऊन. आपली नात शाळा सुटल्यावर शेडमध्ये त्या यंत्राभोवती घुटमळते, हे त्यांच्या कानावर गेले होते.

“सर, राग मानू नका,” ते म्हणाले. “माझ्या बापानं गावची कामं केली, मी मशीनवर उभा राहिलो. पोरगी टेबलापाशी बसावी म्हणून तुमच्याकडं धाडली. तिच्या हाताला पुन्हा तेलच लागायचं असेल, तर घर काय वाईट होतं?”

या प्रश्नास आमच्याकडे तयार उत्तर नव्हते आणि तो प्रश्न हलका लेखण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता. आमच्या वसतिगृहातील बहुतेक घरांत हाताने करावयाचे काम हे निवडलेले काम नव्हते. ते जन्माबरोबर गळ्यात पडलेले होते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त काम आले आणि त्या कामामागील ज्ञान ज्यांच्यापासून दूर ठेवले गेले, त्यांनी काम नको, असे म्हटले तर त्यात आश्चर्य नाही. आम्ही आबांना एवढेच म्हटले, की आलाच आहात तर यंत्र एकदा नजरेखालून घाला. मग ते विकावे की ठेवावे, हे तुम्हीच सांगा. त्यांनी ताडपत्री काढली, स्पिंडल हाताने फिरविला, नोजच्या आट्यांवरून नख फिरविले आणि विचारले, “बॅकप्लेट नाही म्हणून भंगारात? बॅकप्लेट याच लेथवर करायची असते, सर.”

पहिला प्रश्न होता, आटा कोणता? मुलांनी नोजवर पोलादी पट्टी ठेवून एका इंचातील आटे मोजले. ते आठ भरले. बाहेरील व्यास दीड इंच. आबांनी पेटीतून आट्यांचे गेज काढून पाती लावून पाहिली. पंचावन्न अंशांचे पाते खाचेत उजेड न सोडता बसले. “व्हिटवर्थ,” ते म्हणाले आणि आमच्यातील इतिहासाचा शिक्षक जागा झाला.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसत नसे. कित्येकदा एकाच कारखान्यातही प्रत्येक जोडी स्वतंत्र घडवावी लागे. हेन्री मॉडस्ले या कारागिराने ही स्थिती पालटण्यास आरंभ केला. त्याचा जन्म १७७१ चा. वयाच्या बाराव्या वर्षी तो वुलिच येथील शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामास लागला. पुढे जोसेफ ब्रामा या प्रसिद्ध कुलूपनिर्मात्याकडे त्याने नाव कमावले. परंतु पगारवाढ नाकारली गेली, तेव्हा १७९७ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले. १८०० च्या सुमारास त्याने पूर्ण धातूचा, अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्यात एक लांब स्क्रू टूलला ओढून नेतो आणि स्पिंडल व हा स्क्रू दातेरी चाकांनी जोडलेले असतात. चाके बदलली, की त्याच एका स्क्रूपासून निरनिराळे आटे पाडता येतात. आमच्या लेथमधील लीडस्क्रू तोच वारसा सांगतो.

मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढील पाऊल टाकले. त्याने अनेक कारखान्यांतील स्क्रूंचे नमुने गोळा केले, त्यांतून सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांनी एकच आटा वापरावा, अशी योजना मांडली. आट्याचा कोन पंचावन्न अंश आणि प्रत्येक व्यासास दर इंची आट्यांची संख्या निश्चित. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये साठ अंशांची निराळी पद्धत मांडली, आणि आजचा मेट्रिक आटाही साठ अंशांचाच आहे. ब्रिटिश अमदानीतील यंत्रांबरोबर व्हिटवर्थचा आटा आपल्याकडे आला. आमच्या लेथचे नोज त्याच कोनाचे असल्याने आजच्या बाजारातील वस्तू त्यावर बसेना, याचे कारण मुलांना असे उलगडले. इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती हे आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो. तो पाठ त्या दिवशी शेडमध्ये मुलांच्या बोटांना लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता खरी अडचण पुढे आली. बॅकप्लेटच्या आत आटे पाडताना ते नोजला जुळतात किंवा नाही, हे ताडून कसे पाहावयाचे? ज्या नोजवर ती बसवून पाहावयाची, तेच नोज काम फिरविण्यात गुंतलेले. तबकडी उतरवून नोजवर लावून पाहिली, तर पुन्हा तिला पूर्वीच्याच जागी नेमके बसविणे जवळजवळ अशक्य. आबांचा उपाय असा : आधी नोजची हुबेहूब नक्कल करावयाची, म्हणजे एक पोलादी प्लग. त्या प्लगने बॅकप्लेट जागच्या जागी तपासता येते.

“पण प्लग बरोबर झाला, हे कशावरून?” त्यांच्या नातीने विचारले. नोजही नर आणि प्लगही नर. दोघे एकमेकांवर बसणार नाहीत. आबांनी फेसप्लेटकडे बोट दाखविले. ती नोजवर वर्षानुवर्षे नीट बसत आलेली आहे. प्लग तिच्यात तसाच बसला, तर प्लग खरा.

प्लगसाठी लेथवर दातेरी चाकांची योग्य जोडी लावावयाची होती. कोणत्या आट्यास कोणते चाक, याचा पितळी तक्ता जुन्या यंत्रांवर असतो. आमच्या यंत्रावरील तक्ता झिजून गुळगुळीत झालेला. आबांनी आयुष्यभर तक्ता पाहून चाके लावली होती, तक्ता कसा तयार होतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नातीने ते खडूने शेडच्या दारावर मांडले. लीडस्क्रूचे दर इंची चार आटे, आपणांस हवेत आठ. टूल एक इंच सरकेल, तेव्हा लीडस्क्रू चार फेरे घेईल आणि स्पिंडलने आठ घ्यावयास हवेत. म्हणून स्पिंडलकडे चाळीस दातांचे चाक, लीडस्क्रूवर ऐंशी दातांचे. मध्ये जे चाक घालावयाचे, त्याचे दात कितीही असोत, गुणोत्तर बदलत नाही. ते केवळ दोन चाकांमधील अंतर भरून काढते. आबा बराच वेळ दाराकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “चौतीस वर्षं चाकं बदलली. ही अक्कल त्या तक्त्यात होती, हे आज कळलं.”

दोन सेंटरांमध्ये चाळीस मिलिमीटर जाडीचा पोलादी तुकडा धरून त्यावर आटे पाडण्यास प्रारंभ झाला. पहिला काप केवळ ओरखड्याइतका. त्यावर पट्टी ठेवून आठ रेघा मोजल्या, म्हणजे चाके बरोबर लागली, याची खात्री झाली. व्हिटवर्थ आट्याची खोली म्हणजे दोन आट्यांमधील अंतराच्या ०.६४ पट. एका इंचात आठ आटे असतील, तर हे अंतर ३.१७५ मिलिमीटर आणि खोली सुमारे २.०३ मिलिमीटर येते. तेवढी खोली एका दमात घेता येत नाही. दर खेपेस मिलिमीटरचा दहावा भाग, शेवटी त्याहूनही कमी. दर खेपेस हाफ नट उघडून टूल मागे न्यावयाचे आणि पुन्हा त्याच खाचेत आणावयाचे. येथे आमच्या लेथने एक सवलत दिली. आठ ही संख्या चारच्या पटीतील असल्याने हाफ नट कोठेही मिटला, तरी टूल जुन्याच खाचेत उतरते. दुपारनंतर प्लग काढला, फेसप्लेट स्पिंडलवरून उतरवली आणि प्लग तिच्यात फिरवून पाहिला. दोन आटे गेला आणि अडकला. फेसप्लेट पुन्हा चढली, प्लग पुन्हा सेंटरांत गेला, पुन्हा बारीक काप. चौथ्या खेपेस तो बोटांच्या जोराने, न डुगडुगता, शेवटपर्यंत गेला.

बॅकप्लेटचे ओतकाम औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत झाले. त्यासाठी लाकडी साचा मुलांनीच केला. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो आणि कातकामासाठी वर आणखी जाडी सोडावी लागते. ओबडधोबड तबकडी आली, तेव्हा वसतिगृहातील लहान मुलांना ती तव्यासारखी वाटली.

फेसप्लेटवर सारख्या जाडीचे तीन ठोकळे ठेवून, त्यांवर तबकडी पाठ पुढे करून आवळली. ठोकळ्यांमुळे मागे जी पोकळी राहते, तिच्यात आटे संपल्यावर टूल मोकळे निघते. मध्यभागी भोक पाडून ते चौतीस मिलिमीटरहून किंचित मोठे केले. तोंडाशी साधा, आटे नसलेला गोल भाग अत्यंत काळजीने कातला. या भागास रजिस्टर म्हणतात. नवशिक्यास वाटते, की आट्यांमुळेच तबकडी मध्यावर येते. तसे नाही. आटे फक्त ओढून धरतात. मध्य साधतो तो हा साधा गोल भाग आणि नोजच्या मुळाशी असलेला सपाट खांदा. म्हणून आटे किंचित सैल चालतात, रजिस्टर सैल चालत नाही.

आतील आटे पाडताना टूल दिसत नाही. बॅक गियर लावून स्पिंडल मिनिटाला चाळीसच्या आसपास फेरे घेत होता. बीड कोरडेच कातावयाचे असते, तेल लावावयाचे नसते. काळी पूड खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडत होती. आबा कानाने काम करीत होते. टूल आत शिरताच येणारा खरखर आवाज आणि पलीकडे निघताच पडणारी शांतता, यांवर त्यांचा हात हाफ नट उघडत होता. अर्ध्या कामानंतर त्यांनी नातीचा हात त्या मुठीवर ठेवला आणि स्वतः मागे सरकले. तिच्या बाह्या वर दुमडलेल्या आणि वेण्या रुमालात घट्ट बांधलेल्या आहेत, हे त्यांनी आधी दोनदा तपासले होते. त्यानंतरचे काप तिने घेतले. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही, कारण काही बोलण्याची आवश्यकता नव्हती. सायंकाळची वंदना सुरू होण्यापूर्वी प्लग तबकडीत शेवटपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी फेसप्लेट कायमची बाजूस ठेवली आणि बॅकप्लेट स्वतःच्या स्पिंडलवर चढली. रजिस्टर नोजवर सरकले आणि पाठ खांद्यास टेकली. आता तिचा पुढील चेहरा त्याच जागेवर, त्याच स्पिंडलवर कातावयाचा. येथे या कामाचे मर्म आहे. दुसऱ्या यंत्रावर केलेली बॅकप्लेट कितीही चांगली असली, तरी आमच्या स्पिंडलवर ती थोडी डुलण्याचा संभव असतो. त्याच स्पिंडलवर कातलेला चेहरा मात्र त्याच्या फिरण्याशी तंतोतंत जुळतो. चकच्या पाठीमागील खोलगट भागात घट्ट बसेल, अशी पायरी कातली. तीन बोल्टच्या जागा मुलांनी कंपासने काढल्या. त्रिज्येइतके अंतर घेऊन परिघावर सहा खुणा केल्या आणि एक सोडून एक खूण निवडली. आठवीच्या भूमितीतील ही रचना एवढ्या काळजीने करताना आम्ही मुलांना पूर्वी पाहिले नव्हते.

चक बसला. त्यात एक गोल दांडा पकडून डायल इंडिकेटर लावला. काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सहा एवढा हलला. तीन जबड्यांच्या चकसाठी हे समाधानकारक आहे. त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या विहिरीवरील पंपाचा झिजलेला बुश आम्ही त्या चकमध्ये कातून नवा केला. एरवी असे काम तालुक्यास पाठवावे लागे आणि तोवर मुले कळशांनी पाणी ओढीत. दिवाळीनंतरच्या बैठकीत समितीच्या सदस्यांनी शेडमध्ये येऊन तो बुश आणि ती तबकडी पाहिली. लेथ विकण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. संगणक कक्ष दुसऱ्या इमारतीत झाला, हेही येथे आनंदाने नमूद करतो.

आबांचा मूळ प्रश्न मात्र एका तबकडीने सुटला, असा आमचा दावा नाही. कामाची वाटणी निराळी आणि काम करणाऱ्या माणसांची जन्मावरून केलेली वाटणी निराळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात उघड केला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून ते कामगारांच्या प्रश्नांची तड लावीत होते. त्या विचाराच्या उजेडात आम्ही आबांचे बोलणे पुनःपुन्हा आठवून पाहिले. त्यांचा विरोध तेलास नव्हता. तक्ता ज्यांच्या हाती आणि मूठ ज्यांच्या हाती, ती माणसे कायमची वेगळी राहावीत, या व्यवस्थेशी त्यांचे भांडण होते; आणि ते भांडण आमचेही आहे. शेडच्या दारावर खडूने गुणोत्तर मांडणारी आणि नंतर मुठीवर हात ठेवणारी मुलगी एकच होती, एवढेच आम्ही त्यांना दाखवू शकलो. ती पुढे काय होईल, हे ती ठरवील. तिला अभियांत्रिकीकडे जावयाचे नाही, असे ती अलीकडे सांगते. तिला गणित शिकवावयाचे आहे. आबा आता दर रविवारी शेडमध्ये येतात.

तो पोलादी प्लग शेडमधील खिळ्यास तारेने टांगलेला आहे. त्यास गंज चढू नये, म्हणून दर महिन्यास एक विद्यार्थी तेल लावतो आणि वहीत सही करतो. चार जबड्यांच्या चकसाठी दुसरी बॅकप्लेट करावयाची आहे; साचा तयार आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी टर्नर, फिटर किंवा अभियंता म्हणून काम केले आहे, त्यांनी महोत्सवास येताना एक दिवस अधिक काढून यावे, अशी विनंती आहे. निदेशकाचे पद अद्याप रिक्त आहे, आणि आबांचे वय बाहत्तर आहे.